संध्याकाळी चोच पाहावी

सूनबाई, पिल्लू हातात घेतलं की माणसं आधी पाय पाहतात, पंख पसरून पाहतात. तू आधी चोच पाहत जा. कोंबडीला हात नाहीत. खाणं, पिणं, उकिरड्यातून दाणा निवडणं, पिसं साफ करणं, भांडणं, सगळं ती चोचीनेच करते. चोच बिघडली की चार दिवसांत पिल्लू खंगतं आणि घरातल्यांना वाटतं, मर आली. पुष्कळदा मर आलेली नसते, पिल्लू उपाशी असतं. सगळ्यांसोबत ते दाण्यावर धावतं, टोचा मारतं, मान हलवतं, पण पोटात काहीच जात नाही. लांबून पाहणाऱ्याला ते खाताना दिसतं, म्हणूनच फसगत होते.

माझी माय दिवेलागणीला डालगं उचलून एकेक पिल्लू हातात घ्यायची आणि गळ्याखाली बोट फिरवायची. छातीच्या वर, थोडी उजव्या अंगाला दाण्याची थैली असते. दिवसभर खाल्लेल्या पिल्लाची थैली संध्याकाळी भरलेली लागते, उपाशी पिल्लाची चपटी. ज्याची थैली रिकामी, त्याची चोच ती उघडून पाहायची. पुढे पशुधन पर्यवेक्षक म्हणून वरोरा, शेगाव, माढेळी, टेमुर्डा या पट्ट्यात माझी नोकरी झाली, पुस्तकंही वाचली, पण याहून सोपी आणि खरी तपासणी मला कुठे सापडली नाही. तू रोज सगळी पिल्लं धरू नकोस, तेवढा वेळ तुला नसणार. जे पिल्लू इतरांपेक्षा लहान राहिलंय, पंख पाडून उभं आहे, पाण्याच्या भांड्यापाशी रेंगाळतंय, तेवढं धर.

चोच उघडायची तीही रीत आहे. पिल्लू डाव्या मुठीत अलगद धर, छाती दाबू नकोस. कोंबडीची छाती हलली तरच तिचा श्वास चालतो, मूठ घट्ट झाली तर ती गुदमरते. उजव्या हाताच्या नखाने चोचीच्या कोपऱ्याशी हलका दाब दे, चोच आपोआप उघडते. मोबाइलच्या बत्तीत जीभ, जिभेखालची जागा, टाळू आणि दोन्ही नाकपुड्या पाहा. मग चोच मिटवून समोरून पाहा, वरची आणि खालची एका रेषेत आहे का. शेवटी दोन्ही डोळे.

आता घाबरू नये अशा गोष्टी आधी सांगतो. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाच्या वरच्या चोचीवर, टोकाशी, पांढरा टणक ठिपका दिसतो. त्याच्याच जोरावर पिल्लू कवच फोडतं. थोड्या दिवसांत तो आपोआप गळतो, नखाने खरवडू नकोस. आणि कवचाला भोक पडलं पण पिल्लू बाहेर येईना म्हणून लगेच सोलायला बसू नकोस. भोक पाडल्यावर पिल्लू बराच वेळ थांबतं. त्या वेळात कवचाच्या आतल्या पडद्यातलं रक्त आणि उरलेला पिवळा बलक ते पोटात ओढून घेत असतं. सोलायला गेलं की रक्त येतं. त्या बलकावरच पहिले दोन दिवस ते दाण्याशिवाय काढू शकतं, म्हणून तर एका दिवसाची पिल्लं खोक्यात घालून नागपूरहून इथवर येतात.

वाकडी चोच लोकांना सगळ्यांत जास्त खुपते. वरची चोच एकीकडे, खालची दुसरीकडे, कात्रीसारखी. पहिल्या दिवशी ती बहुधा सरळच दिसते, पुढच्या आठवड्यांत पिल्लू वाढतं तसा फरक वाढत जातो. कारणं बरीच. एक म्हणजे रक्तातच दोष. अंगणात वर्षानुवर्षं एकच कोंबडा, त्याच्याच लेकी, पुन्हा त्याच्यापासूनच अंडी, असं झालं की व्यंगं वर येतात. दुसरं, अंडी नीट न उबणं. एकवीस दिवस अंड्याला साधारण साडेसदतीस अंश सेल्सियस ऊब लागते आणि अंडी फिरवावी लागतात. खुडूक कोंबडी हे दोन्ही आपणहून करते, मशीनमध्ये ते माणसावर येतं. तिसरं, आईच्या खाण्यातली उणीव. तिला मँगेनीज, फॉलिक अॅसिड यांसारखी द्रव्यं कमी पडली तर अंड्यातल्या गर्भाची चोचच पोपटासारखी घडू शकते.

यात आपल्या चंद्रपूरच्या उन्हाळ्याची भर पडते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. फळलेलं अंडं थंड जागी थांबून राहतं, पण घरातच उकाडा असला तर फळीवर ठेवल्या ठेवल्या आतला गर्भ वाढू लागतो, रात्री थांबतो, पुन्हा वाढतो. अशी अंडी आठ-दहा दिवस साठवून मग कोंबडीखाली ठेवली तर काही सडतात आणि काहींतून अशक्त, व्यंग असलेली पिल्लं निघतात. माय माठात ओली वाळू घालून, वर गोणपाट टाकून त्यात अंडी ठेवायची आणि वैशाखात कोंबडी बसवायचीच नाही. तूही उन्हाळ्यात अंडी विकून टाक किंवा खा. बसवायची ती पाऊस सरल्यावर, आणि आठवड्याच्या आतलीच.

वाकडी चोच बांधून सरळ होत नाही. कुणी दोरा गुंडाळतं, कुणी चिकटपट्टी लावतं. हाडच वाकडं वाढत असताना दोऱ्याने फक्त खाणं बंद होतं. आपल्या हातात आहे ते त्याचं पोट भरणं. अशा पिल्लाला दाणे टिपता येत नाहीत, पण उकरून घास घेता येतो. म्हणून त्याला वेगळं, खोल भांडं दे आणि भांडं त्याच्या पाठीइतकं उंच कर, खाली वीट ठेवलीस तरी चालेल. खाद्य पाण्यात भिजवून घट्ट लापशी कर, इतकी की चमच्याला चिकटेल पण वाहणार नाही. पाणीही खोल भांड्यात, मात्र पिल्लू लहान असेपर्यंत भांड्यात गोटे टाकून ठेव, नाहीतर बुडेल. थोडी वाकडी चोच असलेली कोंबडी असं सांभाळलं तर अंडी देते, पण ती अंडी उबवायला ठेवायची नाहीत. आणि दोन्ही चोची एकमेकींपासून पार लांब गेल्या, भरवूनही थैली भरेना, तर त्या जिवाला झुरत ठेवू नये. पशुवैद्यकाला विचार आणि त्याचे हाल थांबव. हे बोलायला जड जातं, पण दिवसेंदिवस उपाशी ठेवणं त्याहून वाईट.

चोचीचं टोक वाढलं, वरची खालचीच्या पुढे आली, तर तो मोठा प्रश्न नाही. वावरात हिंडणाऱ्या कोंबडीची चोच दगड-मातीवर घासली जाते. पिंजऱ्यात वाढलेलीची वाढत राहते, कारण ते नखासारखंच शिंग आहे. खुराड्यात एक खडबडीत फरशीचा तुकडा ठेव, त्यावर दाणा टाक. तरीही वाढली तर नखं घासायच्या कानशीने थोडी थोडी घास. आत रक्तवाहिनी असते. उजेडासमोर धरली की तिची लालसर रेषा दिसते, तिच्या अलीकडेच थांब. नेलकटर लहान पिल्लाला लावू नकोस, चोच उभी चिरते.

आता खाण्याचं सांगतो, यात मी जरा रेंगाळणार. चोचीच्या कोपऱ्यात खपल्या, पापण्या चिकटलेल्या, तोंडाभोवती कातडी भेगाळलेली, असं पिल्लू दिसलं की लोक वरून तेल लावतात. तेल लावायला हरकत नाही, पण खोट बहुतेक वेळा भांड्यात असते. आपल्याकडे नागभीड-ब्रह्मपुरीच्या गिरण्यांची तांदळाची कनकी येते, स्वस्त पडते, पिल्लंही आवडीने खातात. पांढऱ्या कनकीत पोट भरायला पीठ आहे, बाकीचं साल काढताना कोंड्यात गेलं. डच डॉक्टर ख्रिस्तियान आइकमन 1890च्या दशकात जावा बेटावर बेरीबेरीचा शोध घेत होता. तिथल्या कोंबड्या पांढऱ्या शिजवलेल्या तांदळावर ठेवल्या तेव्हा त्यांचे पाय लुळे पडले, आणि कोंडा असलेला तांदूळ मिळाल्यावर त्या उठून चालू लागल्या. त्या कामासाठी त्याला 1929 साली नोबेल मिळालं. जगाला जीवनसत्त्वांची वाट कोंबड्यांनी दाखवली, ती अशाच पांढऱ्या तांदळापायी, हे भातपट्ट्याच्या शेजारी राहणाऱ्या आपल्याला तरी ठाऊक असावं.

खपल्या पाहून नेमकं काय कमी पडलं याचा अंदाज येतो. आधी चोचीचे कोपरे आणि डोळे बिघडले, पाय बरे आहेत, तर बहुधा पँटोथेनिक अॅसिड कमी. आधी तळपायाला भेगा, मग चोचीला खपल्या, तर बायोटिन कमी. दोन्ही ब गटातलीच. पायाची बोटं आत मुडपली तर रायबोफ्लेविन. उपाय सगळ्यांना एकच, खाद्य बदलणं. पहिले आठ आठवडे पिल्लांचंच तयार खाद्य दे, त्यात प्रथिनं वीस टक्क्यांच्या आसपास असतात. ते परवडत नसेल तर निदान निम्मं ते आणि निम्मी भरडलेली ज्वारी-मका. सोबत भाताचा ताजा कोंडा, बारीक चिरलेला मुनग्याचा पाला, वावरातल्या वारुळाची वाळवी आणि उकडलेलं अंडं कुस्करून. अंडं कच्चं देऊ नकोस. कच्च्या पांढऱ्या भागात एक द्रव्य असतं ते बायोटिनलाच धरून ठेवतं, म्हणजे औषध म्हणून दिलेलं उलटं पडायचं. शिजवलं की तो दोष जातो. शिवाय पशुवैद्यकीय दवाखान्यातून बी-कॉम्प्लेक्सचं द्रावण आणून बाटलीवर लिहिलेल्या मापाने पाण्यात दे, रोज ताजं. खपल्या ओढून काढू नकोस. कोमट पाण्याच्या बोळ्याने मऊ कर, वरून खोबरेल लाव, पापण्याही तशाच सोडव.

आपल्या भागाच्या दोन सवयी मोडायला सांगतो. घरात सोयाबीन आहे म्हणून कच्चं भरडून पिल्लांना घालतात. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारं द्रव्य असतं, पिल्लं खात राहतात आणि वाढत नाहीत. चांगलं भाजल्याशिवाय द्यायचं नाही. दुसरी, गाईची सरकीची ढेप. तिच्यातलं गॉसिपॉल गाईला सोसतं, पिल्लाला नाही. आणि पावसाळ्यात वास आलेला मका किंवा गोळे झालेलं खाद्य कितीही वाया जात असलं तरी टाकून दे. बुरशीच्या विषाने तोंडात, जिभेच्या कडेला फोड आणि खपल्या येतात, काळीज खराब होतं, आणि त्यावर उतारा नाही.

चोच हाताला रबरासारखी लवचिक लागली, बोटाने वाकते आहे, पिल्लू बसूनच राहतं, चालताना लंगडतं, तर हाडं कच्ची आहेत. ड जीवनसत्त्व आणि चुना कमी. बंद खोलीत दिव्याखाली वाढवलेल्या पिल्लांना दोन-तीन आठवड्यांचं झाल्यावर हे होतं. सकाळचं कोवळं ऊन दे, काचेतून नव्हे, उघड्यावर, वर जाळी टाकून, कावळे-घारींचं भान ठेवून. भाजून बारीक केलेलं अंड्याचं कवच लहान पिल्लाला भसाभस घालू नकोस, जास्त चुन्याने मूत्रपिंड बिघडतं. त्यापेक्षा ड-3 असलेले थेंब डॉक्टरांच्या सल्ल्याने दे. वेळेत हाती लागलं तर चोच पुन्हा टणक होते.

आता अगदी साध्या गोष्टी, ज्या पाहिल्याच जात नाहीत. पिठासारखं बारीक खाद्य लाळेने भिजून चोचीच्या आत, जिभेखाली चिकटतं आणि सुकून त्याचा गोळा होतो. तिथे जखम होते, चोचीचं टोक वाकतं. कापूस गुंडाळलेली काडी कोमट पाण्यात बुडवून ते काढ आणि खाद्य रवाळ भरड. दुसरं, धागा. आपला कापसाचा मुलूख, घरात पोत्यांची सुतळी, गोधड्यांचे दोरे, बायकांचे केस पडलेले असतात. पिल्लू ते गिळायला जातं, अर्धा धागा पोटात आणि मधला फास जिभेला. जीभ सुजून काळी पडते. जिभेच्या मुळाशी बारीक फास दिसला तर तो कापायचा, ओढायचा नाही. ओढला तर आतलं आतडं चिरतं. लहान टोकाच्या कात्रीने गाठ कापून सोड, पोटातला तुकडा बाहेर पडायचा तर पडेल. तिसरं, नाकपुड्या. त्यात तूस-खाद्य अडकलं की पिल्लू तोंडाने श्वास घेतं. मिठाच्या कोमट पाण्याने पूस. मात्र चेहरा सुजलेला, नाकातून घाण वास येणारा चिकट स्राव असेल तर ती सर्दी साथीची आहे, त्याला दवाखान्याचंच औषध लागतं.

चोच मोडली किंवा टोक उडालं तर आधी रक्त थांबव. स्वच्छ कापडाने दाबून धर, वर हळदीची पूड दाब. मग ते पिल्लू वेगळं कर, कारण लाल ठिपका दिसला की बाकीची तिथेच टोचतात. टोकाचं शिंग मुळाकडून पुन्हा वाढतं, त्याला आठवडे लागतात, तोवर लापशी. हाडासकट मोडली असेल तर ती वाढत नाही. आणि पिल्लं एकमेकांना टोचू लागली तर चोच कापायच्या मागे लागू नकोस. मोठ्या अंड्यांच्या फार्मवर तापलेल्या पात्याने टोक कापतात, ते काम शिकलेल्या माणसाचं. घरच्या पिल्लांची गर्दी कमी कर, उजेड मंद कर, पाला टांगून ठेव, त्यांचं मन तिकडे लागतं.

उघडी चोच हे वेगळं प्रकरण. दुपारी तीन वाजता सगळीच पिल्लं चोच उघडून, पंख सैल सोडून धापा टाकत असतील तर ती उन्हाने. सावली, छतावर तुराट्या-पऱ्हाट्यांचा थर, त्यावर पाणी, आणि प्यायला माठातलं पाणी दे. पण सकाळी गारव्यात एकटंच पिल्लू चोच उघडून श्वास ओढतंय, गळ्यातून घरघर येतेय, तर ते आजारी आहे. त्यासोबत हिरवी पातळ विष्ठा आणि मान वळलेली दिसली तर मानमोडी. तिचं पुस्तकी नाव राणीखेत, कुमाऊँच्या डोंगरातल्या त्या गावी 1927 साली साथ आली म्हणून पडलेलं. ती आली की औषध नाही, आधीची लसच कामाची. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात. आणि चेहरा-तुरा सुजून निळा-जांभळा पडला, एका रात्रीत पुष्कळ कोंबड्या मेल्या, तर हात लावू नकोस, पुरू नकोस, कापून खाऊ तर मुळीच नकोस. 2006 साली नंदुरबारच्या नवापूरला बर्ड फ्लू आला, 2021च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्याला. 1962 या क्रमांकावर फोन लाव आणि दवाखान्यात कळव. लपवल्याने गावच्या सगळ्या कोंबड्या जातात, माणसांनाही धोका असतो.

हाताने भरवायची वेळ आली तर लक्षात ठेव, कोंबडीची श्वासनळी जिभेच्या अगदी मागे उघडते. वरून धार सोडली की पाणी थेट फुप्फुसात. चोचीच्या बाजूला एक थेंब लाव, ती चाटते, गिळते, मग दुसरा. घाई केलीस की औषध पाजतानाच पिल्लू हातात जातं. लापशी सुईशिवायच्या सिरिंजने, थोडी थोडी, दिवसातून चार-पाच वेळा, आणि प्रत्येक वेळी आधीची थैली रिकामी झाली का ते चाचपून.

राहिली देवी. पावसाळ्याच्या मागे, डास माजले की तुऱ्यावर, पापण्यांवर, चोचीच्या कोपऱ्यात चामखिळीसारखे फोड येतात, मग काळ्या खपल्या धरतात. डास चावून आणि एकमेकांच्या टोचण्याने ती पसरते. माणसाला ती होत नाही. नुसते बाहेरचे फोड असतील तर तीन-चार आठवड्यांत पिल्लू उठतं, फक्त डोळे मिटल्यामुळे त्याला भांडं दिसत नाही, म्हणून भरवावं लागतं. आतली देवी वाईट. तोंडात, घशात पिवळट चिकट पापुद्रे येतात, श्वास अडतो. ते खरवडू नकोस, रक्त येतं. आयोडीन ग्लिसरीनमध्ये मिसळून बोळ्याने हळूच लाव. बाहेरच्या फोडांना पोटॅशियम परमँगनेटचं फिकट गुलाबी पाणी, वरून हळद-तेल. गळलेल्या खपल्या वेचून जाळ, त्यांत विषाणू महिनोन्‌महिने जिवंत राहतो. खुराड्याभोवती पाणी साचू देऊ नकोस, संध्याकाळी कडुलिंबाच्या पाल्याचा धूर कर, पण पिल्लं कोंडलेली असताना नाही, त्यांची फुप्फुसं नाजूक असतात.

देवीची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पंखाच्या पातळ पडद्यात दोन टोकांच्या सुईने टोचतात. आठवड्याभराने टोचल्या जागी बारीक फोड-खपली दिसली तर लस लागली, काहीच दिसलं नाही तर पुन्हा टोचून घ्यावी लागते. एका कुपीत पुष्कळ पिल्लांपुरती लस असते आणि ती कालवली की दोन तासांत संपवावी लागते. तुझ्या एकटीच्या पिल्लांसाठी कुणी कुपी फोडणार नाही. म्हणून आत्तापासूनच आळीतल्या बायकांशी बोल, कुणाकडे किती पिल्लं आणि कोणत्या वयाची ते वहीत लिहून घे, आणि दवाखान्यात जाऊन वार ठरव. लस आणायला बर्फाचा थर्मास ने. टोचणारे सकाळी लवकर येतील असं पाहा, उन्हं चढायच्या आत, आणि त्या दिवशी पिल्लं डालग्यातून सोडू नकोस, नाहीतर सगळा गाव त्यांच्या मागे पळत बसेल.